अनुभव धागा : हातानं केलेल्या वस्तू ऑनलाइन नेमक्या कुठं विकायच्या? (सोलापूर आणि आसपास)

जुळे सोलापूरकर
नमस्कार मंडळी. आमच्या घरी आई आणि मावशी मिळून गोधड्या शिवतेत, जुन्या सुती साड्यांच्या, हातानं धावदोरा घालून, मशीनला हात नाही. आतापर्यंत सगळं ओळखीपाळखीत गेलं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत एका नातेवाइकाच्या स्टॉलवर पण ठेवल्या होत्या. आता ऑनलाइन टाकायचं चाललंय तर जो तो वेगळंच सांगतोय. एकजण म्हणतो अमेझॉन, एकजण मीशो, पुण्याची बहीण म्हणती एट्सी (परदेशी साइट), शेजारचा म्हणतोय काही नको इन्स्टावर टाक बस. तर जे खरंच विकतेत त्यांनी लिहा ओ. काय विकता, कुठं विकता, हातात किती पडतंय, डोकेदुखी कसली. ऐकीव नको, "घरबसल्या महिना लाख" वाले व्हिडिओ भरपूर बघून झालेत.

क्रोशावाली, विजापूर रोड
तोरणं, रुमाल आणि बाळकृष्णाचे पोशाख करते. सुरुवात मीशोवर केली कारण तिथं कमिशन शून्य आहे, २०२१ पासूनच. पण दादा कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य नव्हे, शिपिंग असतंच, जाहिरात लावायची तर तिचे पैसे, आणि मुख्य म्हणजे तिथं येणारं गिऱ्हाईक आधी किंमत बघतं मग वस्तू. माझं तोरण साडेसहाशेचं, त्याच्याच खाली मशीनवरचं दीडशेला, आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, मग कोण माझं घेणार? तोरण तिथून काढूनच टाकलं.

पोशाख मात्र चालले. का चालले ते ऐका. आपण "बाळकृष्णाचा पोशाख" लिहितो आणि शोधणारे लोक टाकतात "लड्डू गोपाल ड्रेस". भाचीनं नाव बदलून दिलं, सोबत मूर्तीचा नंबर लिहिला, शून्यापासून सहापर्यंत जे साइजचे नंबर असतात ना ते, आणि जन्माष्टमीच्या आधी ऑर्डर यायला लागल्या. वस्तू मुठीत मावणारी, वजन नाही, फुटत नाही, चुरगळली तर इस्त्री नको. अशा वस्तूला ही मोठी मार्केटप्लेसं चांगली आहेत. गोधडीचं मला माहीत नाही, पण वजनाचा विचार आधी करा एवढं सांगते.

सात रस्ता
क्रोशावाली ताई, उत्तरेकडच्या ऑर्डर घेताय म्हणजे जीएसटी नंबर काढला का? मला तर सांगितलं की आता जीएसटी लागतच नाही.

हिशेबनीस, नवी पेठ
मी टॅक्सचं काम करतो, यावर रोज कुणीतरी विचारतंय म्हणून एकदाच लिहितो. आधी नियम असा होता की ऑनलाइन मार्केटप्लेसवर माल विकायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली. तुमची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी पोर्टलवर नुसता एनरोलमेंट नंबर घ्यायचा, पॅनवर मिळतो, रिटर्न भरायचं नाही, मार्केटप्लेस तुमचा जीएसटीचा टीसीएस (विक्रीच्या पैशातून आधीच कापून घेतात तो कर) पण कापत नाही. पण अट अशी की माल फक्त आपल्याच राज्यात जायला पाहिजे. म्हणजे सोलापूरहून नागपूरला चालेल, इथून अर्ध्या-पाऊण तासावर कर्नाटकची हद्द लागते तिकडं चालणार नाही. विजापूरच्या माणसानं शोधलं तरी तुमची वस्तू त्याला दिसणारच नाही.

नोंदणी केली तर देशभर विका, मग टीसीएस अर्धा टक्का कापतात (१० जुलै २०२४ च्या आधी एक टक्का होता), तो आपल्या खात्यात परत घेता येतो पण त्यासाठी रिटर्न वेळेवर पाहिजे. इन्कम टॅक्सचा टीडीएस वेगळा, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झालाय, आणि माणूस स्वतःच्या नावावर धंदा करत असेल, पॅन किंवा आधार दिलेलं असेल, विक्री पाच लाखांच्या आत असेल तर तोही नाही. हस्तकलेच्या बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झाला, जुन्या दरानं किंमत लावून बसलेले अजून भेटतेत, त्यांनी बघून घ्या. आणि उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट असते, तिचे हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून घरी पाठवा.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने एनरोलमेंटवर महाराष्ट्रातच विका. पुणे-मुंबई हातात असताना दिल्ली कशाला पाहिजे. पण क्रोशावाल्या ताईंसारखी वस्तू असेल, मथुरेकडं खपणारी, तर नोंदणीशिवाय गत्यंतर नाही.

क्रोशावाली, विजापूर रोड
हो, नोंदणी केली. रिटर्न भरायला माणूस लावला त्याचे पैसे पण धरायला लागतात, हे कुणी सांगत नाही.

मागवाला, भवानी पेठ
आमचा वॉलहँगिंगचा धंदा, वडिलांपासून. जकार्डवर (नक्षी विणायचा माग). आधी चित्र ग्राफवर उतरवायचं, मग पंच कार्डं मारायची, मग मागावर चढवायचं. विठ्ठल, शिवाजी महाराज, सिद्धेश्वर, आणि लोकांच्या आई-वडिलांचे फोटो पण विणून देतो.

पहिली गोष्ट, ऑनलाइन "सोलापुरी" शब्दाला भाव राहिला नाही. चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) असून "सोलापुरी चादर" टाकून शोधा, सोलापूरचं तोंड न बघितलेला माल किती निघतोय बघा, अण्णा. आणि खरं बोलायचं तर आपल्या चादरी पण आता बहुतेक पॉवरलूमच्या, त्यामुळं त्या "हँडमेड" म्हणून टाकू पण नयेत. ज्यांचं खरंच हातमागाचं आहे त्यांनी हँडलूम मार्कचं लेबल घ्या आणि फोटोत ते लेबल दाखवा.

दुसरी गोष्ट फोटोची, ही मला एका गिऱ्हाइकानं शिकवली. तो म्हणाला तुमचं विणलेलं आहे की छापलेलं हे मला मोबाइलवर कसं कळणार? तेव्हापासून प्रत्येक पीसचा उलट्या बाजूचा फोटो टाकतो. विणलेल्या कापडाला मागं तेच चित्र उलट्या रंगात दिसतं, जिथं पुढं काळं तिथं मागं पांढरं. छापलेल्याची मागची बाजू फिकट नाहीतर कोरी. बोट लावून एक कोपरा दुमडायचा, दोन्ही बाजू एकाच फोटोत येतेत. या एका फोटोनंतर "प्रिंट आहे का" हे विचारणं बंद झालं, आणि किमतीवरची घासाघीस पण कमी झाली.

विकायचं म्हणाल तर देवाचे तयार पीस मोठ्या मार्केटप्लेसवर, तिथं कारागीर-विणकरांसाठी वेगळे विभाग आहेत, अमेझॉनचं कारिगर, फ्लिपकार्टचं समर्थ जे २०१९ ला सुरू झालं. वस्त्र मंत्रालयाचं इंडिया हँडमेड नावाचं पोर्टल पण आहे, तिथं कमिशन नाही. हस्तकलावाल्यांनी पेहचान कार्ड काढून ठेवा, विणकरांनी विणकराचं ओळखपत्र. पण फोटोवरून विणायची पोर्ट्रेटं मी कुठल्याच साइटवर टाकत नाही. दुसऱ्याच्या आजोबांचं चित्र परत आलं तर मी ते विकू कुणाला? ते सगळं व्हॉट्सॲपवर, निम्मे पैसे आधी, ग्राफ झाला की फोटो पाठवायचा, होकार आला की मगच माग.

कन्ना चौक
अण्णा, "मगच माग" भारी बे.

हलव्याचे दागिने, मुरारजी पेठ
माझा सगळा धंदा डिसेंबर मध्यापासून संक्रांतीपर्यंत. नव्या नवरीचा सेट, बोरन्हाणाचा लहान मुलांचा सेट, मुकुट, बासरी, बाजूबंद. रंगसंगती काळ्या साडीवर उठून दिसेल अशी. एका मोठ्या मार्केटप्लेसवर टाकलं होतं, नाव घेत नाही. ऑर्डर भरपूर आल्या, पार्सलं गेली, आणि १४ जानेवारी झाल्यावर परत यायला लागली! कारण लिहिलेलं "आवडलं नाही". डबा उघडला तर दोऱ्याला हळदीकुंकवाचे डाग, मुकुटाच्या मागं केसाची पिन अडकलेली. घालून, फोटो काढून, बोरन्हाण आटपून परत. तक्रार केली तर त्यांचं म्हणणं वस्तू परत मिळाली ना. अहो, परत मिळून करू काय, पुढच्या संक्रांतीपर्यंत हलवा टिकतोय का?

तेव्हापासून आपलं गणित असं आहे : जी वस्तू एका दिवसासाठी घेतात ती परतीची सोय असलेल्या जागी विकायची नाही. रुखवत, गौरीचे दागिने, राख्या, सगळं याच्यातच येतं. मी आता फक्त व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग लावते, पैसे आधी, आणि पुण्याच्या ऑर्डरी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल करते, सकाळी स्वारगेटला माणूस येऊन घेऊन जातो. कुरिअरपेक्षा कमी हातांतून जातं म्हणून फुटत पण कमी.

पॅकिंगचं सांगते, कुणाला उपयोग झाला तर. सोलापूरची हवा कोरडी, इथं हलवा कडक राहतो, पण मुंबई-कोकणात पोचेपर्यंत त्याला पाणी सुटतं आणि दाणे दोऱ्याला चिकटून पिवळे पडतात. म्हणून प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत, तोंड सील केलेलं, आत सिलिका जेलची एक पुडी, मग कडक पुठ्ठ्याचा डबा आणि रिकाम्या जागेत कागदाचे बोळे. बबल रॅप थेट हलव्याला लावायचं नाही, त्याची फोडं दाण्यावर दाबली की दाणा निखळतो. आणि "खाण्यासाठी नाही, फक्त सजावटीसाठी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना विचारतात.

होटगी रोडची
ताई, आधी पैसे म्हटलं की लोक पळत नाहीत का? मला तर इन्स्टावर रोज दहा जणी "प्राइस प्लीज" विचारतात आणि गायब.

हलव्याचे दागिने, मुरारजी पेठ
पळतात की. पळू द्या. किंमत पोस्टमध्येच लिहा म्हणजे विचारून पळणारे तरी कमी होतील.

कातरणातून बाहुल्या, अक्कलकोट रोड
इन्स्टावाल्यांनी एक सांभाळा. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. आमच्याकडं एकानं स्क्रीनशॉट टाकून "अर्जंट आहे, आजच पाठवा" म्हणून घाई केली, खात्यात बघितलं तर काही नाही. आता खात्यात जमा झाल्याशिवाय डबा सील होत नाही.

आमचं काम युनिफॉर्मच्या कारखान्यांतून निघणाऱ्या कातरणाचं. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे ढीगभर, त्यांच्याकडं चिंध्यांची पोती पडून. त्यातून बाहुल्या, कीचेन, गरम भांडी धरायची फडकी. यात सगळ्यात जास्त पैसे कशातून आले सांगू? मार्केटप्लेसवरच्या विक्रीतून नाही. एका कंपनीच्या बाईंनी आमची फडकी तिथं बघितली, पुडक्यावरचं नाव शोधून फोन केला आणि दिवाळीच्या गिफ्टसाठी एकदम मोठी ऑर्डर दिली. त्यामुळं मी तिथं दुकान चालू ठेवतो, नफा नसला तरी. शोकेस समजा. मात्र तिथल्या गिऱ्हाइकाला डब्यात चिठ्ठी टाकून "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" असलं करू नका, बऱ्याच साइटवर ते नियमात बसत नाही आणि खातं बंद होतं. आपलं नाव आणि लेबल नीट ठेवायचं, शोधणारा शोधतो.

नाव नको
एक वेगळाच मुद्दा, बायकांनी विशेष वाचा. विक्रेत्याचं नाव आणि पत्ता गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे असं २०२० च्या ई-कॉमर्सच्या नियमांत आहे, पाकिटावर पण जातो. नियम गिऱ्हाइकाच्या बाजूनं बरोबरच आहे, पण मी घरातून काम करते, दिवसभर एकटी. एका माणसानं पार्सल उशिरा पोचलं म्हणून रात्री अकराला फोन, मग "मी सोलापूरला येणारच आहे, घरी येऊन बघतो". नवऱ्यानं फोन घेतला तेव्हा थांबला. मी आता धंद्याचा नंबर वेगळा केलाय, संध्याकाळी सातनंतर बंद, आणि पत्ता दिराच्या दुकानाचा दिलाय, जीएसटीत पण तोच, त्यांचं संमतीपत्र जोडून. ज्यांना जमेल त्यांनी सुरुवातीलाच करा, नंतर पत्ता बदलायला कागदं फार लागतात.

होटगी रोडची
हे कुणीच सांगत नाही. धन्यवाद ताई.

सोलापूरची लेक, सध्या पुण्यात
एट्सीचं मी लिहिते. तांड्यावरच्या लमाणी बायकांकडून आरसे-कवड्यांचं भरतकाम घेऊन त्याच्या बॅगा करते. फेटिया आणि काचळीचे (लमाणी घागरा-चोळीचे) जुने तुकडे कुणी देत असेल तर तेही, पण ते आता मिळणं मुश्किल आणि घरच्यांना विकावंसं वाटत नाही, ते बरोबरच आहे.

एट्सीला हातानं केलेलं, स्वतःचं डिझाइन असलेलं, वीस वर्षांपेक्षा जुनं किंवा कलाकामाचं सामान एवढंच चालतं. एका वस्तूची लिस्टिंग २० सेंट, चार महिने राहते. विकली की साडेसहा टक्के, आणि हे टक्के शिपिंग धरून. उदाहरण देते : बॅग ४० डॉलर, शिपिंग २० डॉलर, तर साडेसहा टक्के ६० वर, म्हणजे ३ डॉलर ९० सेंट. पेमेंटचे वेगळे. शिवाय ऑफसाइट ॲड म्हणून एक प्रकार आहे, त्यांच्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं तर १५ टक्के, म्हणजे याच बॅगेवर ९ डॉलर आणखी. वर्षाची विक्री १० हजार डॉलरच्या आत असेल तर ते सेटिंगमधून बंद करता येतं, मी पहिल्या दिवशीच केलं.

इकडं आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) लागतो, डीजीएफटी या सरकारी खात्याच्या साइटवर ५०० रुपयांत. पाठवायला पोस्ट मला सोयीचं, डाकघर निर्यात केंद्रातून कस्टमचे कागद ऑनलाइन होतात. पण सगळी अंडी अमेरिकेच्या टोपलीत ठेवू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथली ८०० डॉलरपर्यंतची करमाफी गेली, आपल्या पोस्टानं बुकिंगच थांबवलं ते १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं. मधल्या काळात ऑर्डर होत्या आणि पाठवायचा रस्ता नव्हता, खाजगी कुरिअरचा भाव बॅगेपेक्षा जास्त. त्यानंतर युरोप, ऑस्ट्रेलियाचे शिपिंगचे दर लावले, थोडं सावरलं.

गोधडीला मात्र परदेशात खरी किंमत आहे. तिकडं हातशिलाईच्या रजया घेणारे लोक वेगळेच असतात, टाका जवळून बघतात.

बचत गट, अक्कलकोट तालुका
आमचं उमेदचं (सरकारी ग्रामीण अभियान) गट आहे, ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी आणि सोबत वाकळ, कुंच्या, लोकरीचं. सरसच्या (बचत गटांच्या सरकारी) प्रदर्शनात माल जातो तेव्हा हातोहात जातो कारण बायामाणसं हात लावून बघतेत. ऑनलाइनला अडचण मालाची नाही, माणसाची हाय. ऑर्डर आली की चोवीस तासांत पॅक करा म्हणतेत, खुरपणीच्या दिवसात कोण बसणार पॅक करत? आणि खातं एकीच्या नावावर, पैसे तिच्या खात्यात, मग बाकीच्या विचारतेत किती आले, का कापले. आम्ही वहीत प्रत्येक ऑर्डरची कपात लिहायला लागलो, शिपिंग किती, कमिशन किती, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी किती. वही सगळ्यांसमोर वाचायची. भांडणं मिटली. साइटवर "सुट्टीवर" असा पर्याय असतो तो पेरणीला आणि सुगीला लावून ठेवतो.

जुळे सोलापूरकर
एवढं सगळं वाचून मी काल एक गोधडी डब्यात भरून मोजली. वजन दोन किलोच्या आसपास आणि डबा ४० बाय ३० बाय २५ सेंटीमीटर. शिपिंगचा अंदाज बघितला तर सहा किलोचे पैसे दाखवतंय! हे कसलं?

मागवाला, भवानी पेठ
व्हॉल्युमेट्रिक वजन. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. तुमचा डबा ३०,००० भागिले ५०००, म्हणजे सहा. खरं वजन आणि हे, यातलं जे जास्त ते धरतेत. गोधडी, बाहुल्या, उशा यांना हेच मारतं, कमिशन नाही.

कातरणातून बाहुल्या, अक्कलकोट रोड
व्हॅक्यूमची पिशवी आणा, साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं हवा ओढता येते. २५ ची उंची १० वर आली तर १२,००० भागिले ५०००, २.४ किलो. निम्म्यापेक्षा खाली आलं की.

जुळे सोलापूरकर
पण आई म्हणती दाबून ठेवल्यावर गोधडी मरते, फुगत नाही परत.

बचत गट, अक्कलकोट तालुका
सुती साड्यांची असंल तर मरत नाही, कापूस भरलेली असंल तर बसती. पाठवायच्या आदल्या दिवशी उन्हात टाका, ओल अजिबात राहू देऊ नका नाहीतर पिशवीत वास धरतोय, आणि दाबलेली जास्त दिवस घरात ठेवू नका, ऑर्डर आल्यावरच दाबा. सोबत कागद टाका की उघडून दोन तास उन्हात ठेवा, मगच अंगावर घ्या.

हलव्याचे दागिने, मुरारजी पेठ
आणि पॅक करताना व्हिडिओ काढा, लेबलचा नंबर दिसेल असा. गोधडीच्या जागी चादर परत आली तर दाखवायला तेवढंच हातात असतं.